उपासनेत युद्धात पडलेल्यांची आठवण कशी करावी?

मिरजकर लेक
जय ख्रिस्त. आमच्या मंडळीत ११ नोव्हेंबरच्या, म्हणजे पहिलं महायुद्ध थांबलं त्या दिवसाच्या, जवळच्या रविवारी युद्धात प्राण दिलेल्यांची आठवण करायचं ठरलंय. नावं वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझे धाकटे चुलते १९७१ च्या लढाईत गेले. त्यांची काळी पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आहे. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, आत लोकरीचे मोजे आणि खिशात मावेल एवढा नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग. योहानाच्या पंधराव्या अध्यायाचं पान दुमडलेलं. ते त्यांनी दुमडलं की नंतर आजीनं, आता कोण सांगणार? आजी दर नाताळच्या आधी मोजे उन्हात टाकायची, संध्याकाळी घडी घालून परत ठेवायची. तेवढा वेळ घरात कुणी तिच्याशी बोलायचं नाही.

अडचण अशी. पंचांपैकी एक काका म्हणतात, त्याच अध्यायातलं मित्रांकरता प्राण देण्याचं वचन प्रभूच्या क्रूसाबद्दल आहे, ते शिपायाला लावू नका. दुसरे म्हणतात, फोटोला हार घातला की मूर्तिपूजा झाली. मला मंडळीत भांडण नको. पण चुलत्यांचं नाव मान खाली घालून उरकूनही टाकायचं नाही. काय करू?

निवृत्त सुभेदार, सातारा
ताई, मी हिंदू, तुमच्या शास्त्रातलं मला कळत नाही. पण आमच्या साताऱ्याकडच्या अपशिंगे मिलिटरी गावाला एकदा जाऊन या. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. आकडा नुसता ऐकून काही होत नाही. गावातून चालताना घरं मोजायला लागलं की पोटात कालवतं. म्हणून नावाबरोबर बापाचं नाव सांगा, गाव सांगा, पलटण सांगा. १९७१ चे परमवीर लान्स नायक अल्बर्ट एक्का ख्रिस्तीच होते, गंगासागरला पडले. त्यांचंही नाव घ्या. चुलत्यांना माझा सॅल्यूट.

निवृत्त पाळक, सांगली
बाई, काकांचं अर्धं बरोबर आहे. पापांसाठीचं अर्पण एकदाच झालं, इब्री लोकांस पत्राचा दहावा अध्याय तेच सांगतो. देशासाठी मेला म्हणून तारण झालं, असं पुलपिटावरून कुणी म्हणू नये. पण योहानाच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायाचं सोळावं वचन काढा: त्यानं आपल्याकरता प्राण दिला, म्हणून आपणही बंधूंकरता द्यावा. वचन आपल्या दारापर्यंत शास्त्रानंच आणलं आहे. दोन्ही वचनं लागोपाठ वाचा, काकांनाच वाचायला द्या.

मृतांसाठी आपण प्रार्थना करत नाही. त्यांच्याबद्दल देवाचे आभार मानतो, आणि मागे राहिलेल्यांसाठी मागतो. त्यात पलीकडच्या सैनिकांच्या आयाही आल्या. हाराचं म्हणाल, तर कबरीवर आपण फुलं ठेवतोच. फोटोसमोर ठेवा, नमस्कार नको, एवढंच.

नावं मात्र सावकाश वाचा. खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत अधिकारी असो की शिपाई, दगड एकसारखे आहेत. ते पाहून मी फार वेळ उभा होतो. उलट इराकमधल्या बसऱ्याच्या पहिल्या महायुद्धाच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली, आणि शिपायांचे नुसते आकडे. त्याच युद्धात, तिकडच्याच कूतच्या वेढ्यात आपल्या मराठा पलटणी होत्या, उपाशीपोटी लढल्या, त्या माणसांचा आकडा! योहानाच्या दहाव्या अध्यायातला मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावानं हाक मारतो. आपण तेवढं तरी करावं.

मिरजकर लेक
पाळकसाहेब, सुभेदारसाहेब, मनापासून आभार. काल काकांकडे गेले होते. दोन्ही वचनं त्यांनी दोनदा वाचली, चष्मा काढून पुसला, म्हणाले, मी वाचतो. फोटोला हार नाही, समोर शेवंतीची फुलं आणि तो नवा करार, दुमडलेल्या पानावर उघडा.

चुलत्यांच्या नावामागोमाग मी आजीचंही नाव घेणार आहे. पंचांना विचारलेलं नाही. ती जिवंत असताना तिचं दुःख कुणी उपासनेत उच्चारलं नाही.

आज ऊन छान होतं. मोजे दुपारी गच्चीवर टाकले, आता आत आणते.