म्युझियममधल्या खऱ्या वस्तू वर्गात मुलांच्या हातात द्याव्यात का?

खापरखुंटी: माझं मत स्पष्ट आहे, द्यायलाच हव्यात. इतिहास म्हणजे सनावळ्या असं मुलांच्या डोक्यात बसतं कारण पुराव्याला त्यांचा कधी हातच लागत नाही. जुन्या मडक्याचा एक तुकडा द्या बघू, आतून चाकावर फिरताना उमटलेल्या रेघा बोटाला लागतात, बाहेरून काजळी आणि आत मात्र स्वच्छ, मग पोरं स्वतःच विचारतात की हे चुलीवर चढवायचे का, त्यात काय शिजायचं. आणि यात नवीन काहीच नाही, इंग्लंडमधलं रेडिंग म्युझियम १९११ पासून आणि शिकागोचं फील्ड म्युझियम १९१२ पासून शाळांना वस्तूंच्या पेट्या देतंय.

जतन_आधी: पूर्ण असहमत. घामात मीठ असतं, त्यातलं क्लोराइड ब्राँझला लागलं की दमट हवेत हिरवी पूड सुटायला लागते आणि ती वस्तू आतून खात जाते. एका हाताने काही होत नाही हो, पण वर्षानुवर्षं शेकडो हात? जे गेलं ते परत येत नाही. आता थ्रीडी प्रिंट मिळतात, प्रतिकृती द्या, पडली तरी चालेल.

फळा_खडू: मी शिकवते म्हणून सांगते, चाळीस मुलं, एक तास आणि एक पेटी, पुढच्या बाकावरचे बघतात, मागचे नुसते गोंधळ घालतात. शिवाय सगळंच सुरक्षित असतं असं नाही. दुसऱ्या महायुद्धातले गॅस मास्क ब्रिटनमधल्या शाळांत मुलं तोंडाला लावून बघायची, २०१४ मध्ये तिथे सांगावं लागलं की बऱ्याच मास्कच्या फिल्टरमध्ये अ‍ॅसबेस्टॉस आहे, वापरू नका. पेंढा भरलेल्या जुन्या प्राण्यांत आर्सेनिक असू शकतं ते वेगळंच.

खापरखुंटी: तपासणी झाल्याशिवाय काहीही वर्गात नको, हे शंभर टक्के मान्य. पण @जतन_आधी, दुर्मिळ ब्राँझ द्या असं कोण म्हणतंय? हाताळायचा संच वेगळाच असतो, तुटकी, एकसारखी भरपूर असलेली, कुठे सापडली याची नोंद हरवलेली खापरं, दगडी हत्यारं. ती एरवी गोदामात पडून असतात. आणि प्रतिकृतीत कुंभाराच्या बोटाचा ठसा येईल पण ते बोट नाही येत, मुलांना हा फरक बरोबर कळतो.

जतन_आधी: नोंद हरवलेली? मग तो पुरावा कसला? खापर कुठल्या थरात, कशाशेजारी सापडलं हेच माहीत नसेल तर त्याचा अर्धा इतिहास गेला. तुम्ही मुलांना नुसतं जुनं ते भारी एवढंच शिकवणार.

खापरखुंटी: उलट हेच शिकवायचंय! वस्तू हातात असून ती किती जुनी, कुणाची, हे नुसतं बघून सांगता येत नाही, तिथे मुलं अडतात आणि उत्खननात थराची नोंद का ठेवतात ते त्यांना तेव्हा पटतं, धडा वाचून नाही पटत.

फळा_खडू: हा मुद्दा पटला. पण मग नाव, काळ काही न सांगता सहा-सहा जणांच्या गटाला एक वस्तू, मऊ कापडावर, टेबलापासून वर उचलायची नाही, आणि पहिली दहा मिनिटं शिक्षकांनी तोंड उघडायचं नाही. आणि वेळापत्रकात सलग दोन तास हवेत, ते देणार असाल तर मी तयार आहे.

जतन_आधी: खापर, दगड चालेल. धातू आणि कापडाला माझा विरोध कायम.