मदत हवी आहे: पुण्याच्या रेसकार्डावरून घोड्याचा फॉर्म कसा ठरवायचा? (क्लास ४, १२०० मीटर)

नवखा_पंटर:
जाणकारांची मदत हवी आहे. टिप नको, पद्धत हवी आहे. पुण्याच्या पावसाळी सीझनमधली क्लास ४ ची (रेटिंग २० ते ४६) १२०० मीटरची हँडिकॅप रेस (जितकी रेटिंग म्हणजे कुवतीचे गुण जास्त, तितकं पाठीवर वजन जास्त) समोर आहे. बारा घोड्यांतून चाळून तीन उरले आणि तिथेच घोडं अडलं. नावं मुद्दाम देत नाही, क-ख-ग म्हणू.

क: पाच वर्षांचा, रेटिंग ४४, वजन ६१ किलो, ड्रॉ (सुटायच्या गेटचा क्रमांक, १ सगळ्यात आत) ३. तीन आठवड्यांपूर्वी इथेच १२०० ला पहिला. तेव्हा रेटिंग ३८, वजन ५८. सुटल्यापासून आघाडीवर.

ख: चार वर्षांची फिली (तरुण घोडी), रेटिंग ३३, वजन ५५.५, ड्रॉ ११. त्याच रेसमध्ये एका लेंग्थने (एका घोड्याच्या लांबीने) दुसरी, तेव्हाही ५५.५ च. मागून आली होती.

ग: तीन वर्षांचा, रेटिंग २४, वजन ५१, ड्रॉ ६. आधी १६०० ला सातवा, मग १४०० ला पाचवा. आता १२०० वर आणलाय, ब्लिंकर्स (डोळ्यांच्या बाजूची झापडं) पहिल्यांदाच. सरावात इनर सँडवर (आतल्या वाळूच्या ट्रॅकवर) ६००/३७, म्हणजे ६०० मीटर ३७ सेकंदांत.

कार्डावरचे नुसते आकडे पाहिले तर क सरळसरळ पुढे दिसतो. पण सगळ्यांनाच तो दिसतोय, म्हणून शंका येते. कुठून सुरुवात करायची आणि कशाला किती किंमत द्यायची?

वानवडीकर:
कितवा आला हे सगळ्यात शेवटी बघा. आधी बघायचं ते किती लेंग्थ मागे होता, कोणाच्या मागे होता आणि पाठीवर किती वजन होतं. पाच घोड्यांच्या रेसमध्ये १२ लेंग्थ मागे राहिलेला तिसरा आणि बारा घोड्यांत ३ लेंग्थ मागे असलेला सातवा यांत मी डोळे झाकून सातवा घेईन. कार्डावर मात्र ३ हा आकडा ७ पेक्षा देखणा दिसतो आणि भावही त्यालाच कमी मिळतो.

आता वजन. आपल्याकडे हँडिकॅपमध्ये रेटिंगचा १ पॉइंट म्हणजे अर्धा किलो. क जिंकल्यावर ३८ चा ४४ झाला, म्हणजे ६ पॉइंट, ३ किलो. ख होती तिथेच आहे. वजनाचं लेंग्थमध्ये रूपांतर अंतरानुसार बदलतं. १२०० मीटरला साधारण १.१ ते १.२ किलोला एक लेंग्थ धरतात, १६०० ला ०.९ च्या आसपास, २४०० ला ०.७. अंतर वाढेल तसं तेच वजन जास्त बोचतं. त्या हिशेबाने ३ किलो म्हणजे अडीच लेंग्थ. मागच्या वेळी क एका लेंग्थने पुढे होता, आता कागदावर ख दीड लेंग्थने पुढे आहे.

पण हा कागद झाला. ती एक लेंग्थ कशी पडली हे व्हिडिओत बघा. रेस तीनदा बघायची. एकदा सगळी, एकदा फक्त क वर नजर ठेवून, एकदा फक्त ख वर. ८०० ते ४०० च्या टप्प्यात ख कुठे कोंडली होती का, जॉकीला लगाम खेचावा लागला का, बाहेरून वळावं लागलं का? आणि शेवटच्या १०० मीटरमध्ये क चा जॉकी हात सोडून बसला होता की चाबूक चालवत होता? चाबकावर एक लेंग्थ आणि हातावर एक लेंग्थ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हातावर जिंकला असेल तर ३ किलो त्याला अडवतीलच असं नाही.

मग पेस, म्हणजे रेस कुठल्या टप्प्यात किती वेगाने गेली. एकूण वेळेतून शेवटच्या ६०० ची वेळ वजा करा. समजा १२०० ला १ मिनिट १२.५ सेकंद लागले आणि शेवटचे ६०० ३५ सेकंदांत झाले, तर पहिले ६०० साडेसदतीस सेकंदांत गेले. म्हणजे पुढचा घोडा आरामात पळत होता, दम राखून होता. अशा रेसमध्ये आघाडीवाला खोटा मोठा दिसतो आणि मागून येऊन एका लेंग्थपर्यंत पोचलेला घोडा निकालात दिसतो त्यापेक्षा चांगला असतो. या वेळच्या कार्डात आघाडीवर पळणारे अजून कोण आहेत ते मोजा. एकटा क असेल तर त्याला पुन्हा तसंच मोकळं रान मिळेल. दोघं-तिघं असतील तर पहिल्या ६०० मध्येच एकमेकांना संपवतील आणि ख साठी रेस आयती मांडली जाईल.

एक बारीक गोष्ट बरेच जण सोडून देतात. क्लास ३ ची रेटिंग ४० ते ६६ आहे आणि क्लास ४ ची २० ते ४६. म्हणजे ४० ते ४६ मधला घोडा दोन्हीकडे पळू शकतो. क आत्ता क्लास ३ मध्ये गेला असता तर साधारण ५१ किलोवर पळाला असता, पण तगड्या घोड्यांसमोर. ट्रेनरने ६१ किलो पत्करून खालचा क्लास निवडलाय. याचा अर्थ आपोआप चांगला किंवा वाईट लावू नका. ५१ किलोवर बसणारा चांगला जॉकी मिळणं अवघड असतं, हेही कारण असू शकतं. घोडा अंगाने मोठा असेल तर ६१ पेलतो, लहानखुरा असेल तर चिखलात मरतो.

दीडलेंग्थ:
वजनाचं एवढं कौतुक मला पटत नाही. घोडा ४५० किलोचा, त्यात ३ किलोंनी काय होतंय?

वानवडीकर:
१२०० मीटर म्हणजे २.४ मीटरच्या सुमारे ५०० लेंग्थ. एक लेंग्थ म्हणजे अवघा ०.२ टक्के. घोडा आणि जॉकी मिळून ५०० किलोंच्या वर धरले तरी ३ किलो म्हणजे अर्ध्या टक्क्याहून जास्त. निकाल ०.२ टक्क्यावर लागतो तिथे अर्धा टक्का थोडा नाही. तुमच्या म्हणण्यात तथ्य एवढंच की सुधारत जाणारा तरुण घोडा हँडिकॅपरच्या (रेटिंग ठरवणाऱ्याच्या) अंदाजापुढे पळत असतो, त्याला चढलेलं वजन जाणवत नाही. पाच वर्षांच्या, वीसेक धावा झालेल्या घोड्याचा कस सगळ्यांना ठाऊक असतो. तिथे वजन बोलतंच.

मोतद्दार:
ग बद्दल लिहितो. सरावाच्या वेळा वाचताना एकटा आकडा कधीच घेऊ नका, पुढचा शेरा वाचा. ६००/४० "सहज" आणि ६००/३७ "दाबून" यांत पहिलं काम जास्त आशादायक असू शकतं. वर कोण बसलं होतं, जॉकी की रायडिंग बॉय (फक्त सरावाला बसणारा), तेही बघा, वजनात बराच फरक पडतो. एकटा पळाला की जोडीत? जोडीत असेल तर जोडीदाराची रेटिंग काय? ४० रेटिंगच्या घोड्याबरोबर बरोबरीने संपवलेलं काम २४ च्या घोड्यासाठी मोठी बातमी आहे. वाळूवरची वेळ आणि गवतावरची वेळ एकमेकींशी ताडू नका. शिवाय या वेळा पहाटे अंधुक उजेडात हातातल्या घड्याळावर घेतात, अर्धा सेकंद इकडेतिकडे धराच. एका कामावरून निष्कर्ष नको, तीन-चार आठवड्यांची कामं ओळीने मांडा. ६०० वरून ८००, मग १००० असं चढत गेलं असेल तर घोडा तयार होतोय. मधेच दहा-बारा दिवस रिकामे असतील तर काहीतरी दुखलं-खुपलं असावं.

अंतर कमी करण्याचं कारण त्याच्या मागच्या धावांत मिळेल. १६०० ला ४०० च्या खुणेपर्यंत आघाडीत होता आणि मग विझला असेल, तर १२०० त्याला मानवेल. सुरुवातीपासूनच मागे राहिला असेल तर अंतर कमी केल्याने उलट फरफट होईल, कारण १२०० चा वेग त्याला झेपणार नाही. ब्लिंकर्सचा उपयोग इकडेतिकडे बघत पळणाऱ्या, आळशी घोड्याला होतो. आधीच तापट असलेल्याला लावले तर तो पहिल्या ६०० मध्येच सगळं उधळून टाकतो. ग ची ट्रायल किंवा मॉक (सरावाची) रेस ब्लिंकर्स घालून झाली असेल तर ती शोधून बघा.

पॅडॉकमध्ये (रेसआधी घोडे फिरवतात तिथे) बघायचं: कातडी तुकतुकीत, शेवटच्या बरगड्या जेमतेम दिसणाऱ्या, चाल मोकळी, मागचा पाय पुढच्याच्या खुणेवर किंवा पुढे पडणारा. मानेवर थोडा घाम दमट हवेत चालतो. मागच्या मांड्यांमध्ये साबणासारखा फेस आणि मोतद्दाराला ओढत नेणं ही शक्ती वाया जाण्याची लक्षणं. पण घोडा नेहमीच असा असेल आणि तरी जिंकत असेल तर दोष धरू नका. तुलना त्याची त्याच्याशीच करायची.

रेलच्या_आत:
जमिनीबद्दल कोणी बोललंच नाही, आणि पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये निम्मी रेस तीच ठरवते. पेनेट्रोमीटरचा (जमिनीचा मऊपणा मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा जितका मोठा तितका ट्रॅक मऊ. मागच्या रेसच्या दिवशी किती होता आणि आज किती आहे ते लिहून ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या कडक ट्रॅकवर नोंदवलेली वेळ घेऊन इथे कोणाला मापायला जाऊ नका. मऊ जमिनीत आघाडीवाल्याच्या मागच्यांच्या तोंडावर चिखल उडतो, काही घोडे त्याला कंटाळून पळणं सोडतात. ख ने ओल्यात मागून येऊन दाखवलं असेल तर ती जमेची बाजू.

फॉल्स रेलही बघा. आतलं कुंपण अर्धवर्तुळाकार वळणावर ७ मीटर बाहेर घेतलं तर पळायचं अंतर सुमारे २२ मीटरने वाढतं. गेट त्या प्रमाणात हलवलं नसेल तर वेळेत सेकंदाहून जास्त फरक. म्हणून दोन वेगळ्या दिवसांच्या वेळांची थेट तुलना फसवी असते. त्याच दिवशी त्याच अंतराची दुसरी रेस झाली असेल तर तिच्याशी ताडा. सेकंदाला साधारण ६ लेंग्थ धरा.

हाच हिशेब ख ला लावा. अख्ख्या अर्ध्या वळणावर एका घोड्याच्या रुंदीएवढं, म्हणजे सुमारे १ मीटर, बाहेरून पळालं तर ३ मीटरहून थोडं जास्त अंतर पडतं. सव्वा लेंग्थ झाली. ती तिसऱ्या ओळीत बाहेरून आली असेल तर पराभवाची एक लेंग्थ तिथेच भरून निघते.

नवखा_पंटर:
सगळ्यांचे आभार. व्हिडिओ पुन्हा पाहिला. ख वळणावर बाहेर होती आणि क चा जॉकी शेवटी घोड्याला रेटत होता, चाबूक दोनदा पडला. या वेळी क सोडून आणखी दोन आघाडीवाले आहेत. पण ख ला ड्रॉ ११ आहे त्याचं काय? आणि काही लोक म्हणतात मागच्या वेळी तिला "ओढली", म्हणजे जॉकीने मुद्दाम रोखली.

वानवडीकर:
बाहेरचा ड्रॉ आघाडीवर जाणाऱ्याला मारतो, कारण वळणाआधी आत यायला त्याला जादा जोर लावावा लागतो. मागून येणारी सुटल्यावर शांतपणे आत सरकू शकते. तिच्यासाठी धोका वेगळा: शेवटी पुन्हा बाहेरून वळावं लागणं. म्हणून जॉकी तोच आहे की बदललाय ते बघा.

"ओढली" हा शब्द हरलेल्या प्रत्येक तिकिटामागे ऐकू येतो. स्टुअर्डचा (रेसवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याचा) अहवाल वाचा. उशिरा सुटली, अडवली गेली, नाल निघाला, नाकातून रक्त आलं, असं काही असेल तर तिथे नोंद असते. नसेल तर साधं उत्तर धरा.

टक्का:
आता शेवटचं काम, जे बहुतेक जण करतच नाहीत. भाव बघण्याआधी स्वतःचे टक्के लिहा. तुमच्या माहितीवरून मी ख ला ३०, क ला २०, ग ला १२ आणि बाकी नऊ जणांना मिळून ३८ देईन. ३० टक्के म्हणजे रुपयाला २ रुपये ३३ पैसे (लावलेला रुपया वेगळा) हा बरोबरीचा भाव, २० टक्के म्हणजे रुपयाला ४, १२ टक्के म्हणजे रुपयाला सव्वासातच्या थोडा वर. रिंगमध्ये (बुकी भाव लावतात तिथे) ख रुपयाला ३ मिळत असेल तर विचार करा. दीड असेल तर तुमचाच अंदाज बरोबर असूनही हात मागे घ्या. रिंगमधल्या सगळ्या भावांचे टक्के करून बेरीज केलीत तर ती १०० च्या बरीच वर जाते, वरचा भाग बुकीचा. टोटवर (सगळ्यांच्या पैजा एकत्र करून वाटतात तिथे) अंतिम भाव खिडकी बंद झाल्यावरच ठरतो, तेव्हा बोर्डावरच्या शेवटच्या मिनिटातल्या हालचालीही धरा. त्यात जीएसटी: पैजेच्या पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. एवढा बोजा असताना "थोडासा बरा भाव" पुरत नाही. सुरुवातीचा सीझन नुसता वहीत टक्के लिहून काढलात तर खिशाला बरं.

नवखा_पंटर:
ग चं जुनं फुटेज सापडलं. १६०० ला सुटतानाच मागे पडला होता, आघाडीत कधीच नव्हता. म्हणजे मोतद्दार म्हणतात त्याप्रमाणे त्याला वगळू? आणि सकाळी पाऊस झाला किंवा कोणी मागे घेतला तर?

मोतद्दार:
वगळा. ब्लिंकर्सने सुरुवातीचा वेग आला तरी तो एकदा दिसू द्या, पुढच्या वेळी बघू.

रेलच्या_आत:
पाऊस झाला तर दुपारचा पेनेट्रोमीटर आल्यावर टक्के नव्याने मांडा, सकाळचे फाडून टाका. आणि मागे घेतलेला घोडा दोन आघाडीवाल्यांपैकी असेल तर सगळ्यात आधी क चे टक्के वाढवा. तो एकटा पुढे राहिला तर ६१ किलोही त्याला चालून जातील.