अँजिओप्लास्टीनंतरच्या रक्ततपासणीतील आकड्यांवरून पुढचा धोका कळतो का?

प्रश्न
माझ्या वडिलांना (वय 68) गेल्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला आणि स्टेंट बसवावा लागला. आता त्यांची काही तक्रार नाही. रोज सकाळी दोन किलोमीटर चालतात. गेल्या आठवड्यात एका प्रयोगशाळेचे हृदयतपासणीचे पॅकेज घेतले, तर अहवालात तीन आकडे ठळक छापून आले: एचएस-सीआरपी 6.8, एनटी-प्रोबीएनपी 340 आणि लायपोप्रोटीन-ए 82. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 84 आहे, तो साध्याच अक्षरांत आहे. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) 1.5 आहे. अहवाल वाचल्यापासून बाबांनी धास्तीने चालणेही बंद केले आहे. डॉक्टरांची भेट दहा दिवसांनी आहे. या आकड्यांचा अर्थ कसा लावावा?

उत्तर 1
मी पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून दोन गोष्टी आधी विचारतो. रक्त दिले त्या सुमारास त्यांना सर्दी, ताप किंवा दाढदुखी होती का? आणि लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण, त्याच्या आकड्यापुढे कोणते एकक छापले आहे? 82 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल तर तो वाढलेला आहे, कारण तिथे 50 ही सीमा मानतात. पण 82 नॅनोमोल प्रति लिटर असेल तर तो 125 या सीमेच्या आतच आहे.

प्रश्नकर्ती
एकक मिलिग्रॅमच आहे. आणि हो, रक्त देण्याच्या चारच दिवस आधी त्यांची किडलेली दाढ काढली होती आणि गाल सुजलेला होता. ही गोष्ट प्रयोगशाळेत कोणी विचारली नाही आणि आम्हीही सांगितली नाही.

उत्तर 2
मी फिजिशियन आहे. रुग्णाला न तपासता निदान करता येत नाही, तरीही या चिन्हकांविषयी (आजाराची खूण देणाऱ्या रक्तघटकांविषयी) जे निश्चित माहीत आहे ते लिहितो.

सीआरपी हे रक्तातले प्रथिन शरीरात कुठेही दाह (सूज) झाला तरी वाढते, त्यामुळे सुजलेल्या गालाच्या दिवसांतल्या 6.8 वरून हृदयाविषयी काहीच ठरवू नये. दाढेची जखम पूर्ण भरल्यावर, निदान दोन आठवड्यांनी, ती तपासणी पुन्हा करावी. प्रकृती स्थिर असतानाही आकडा 2 च्या वर राहिला, तर मात्र त्याला अर्थ आहे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या कँटोस नावाच्या औषधचाचणीत, पूर्वी झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी 2 किंवा त्याहून जास्त असलेल्या दहा हजारांवर रुग्णांमध्ये, कोलेस्टेरॉलला हात न लावता एका औषधाने केवळ दाह कमी केल्याने पुढचे झटके कमी झाले. पण त्या औषधाने जीवघेण्या संसर्गांचे प्रमाण वाढल्यामुळे ते या कामासाठी रूढ झाले नाही.

एनटी-प्रोबीएनपी हे हृदयाच्या भिंतीवर ताण आला की रक्तात उतरते. ते वयानुसार वाढते आणि मूत्रपिंडाचे काम मंदावले की साचते, म्हणून 340 हा आकडा क्रिएटिनिनच्या 1.5 सोबतच वाचायला हवा. त्याचे उत्तर इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) मिळेल; जुना इको अहवाल भेटीच्या वेळी बरोबर न्यावा.

लायपोप्रोटीन-ए जवळजवळ पूर्णपणे आनुवंशिक असते. पथ्याने किंवा चालण्याने ते फारसे हलत नाही, म्हणून एकदा मोजले की बहुधा पुरते. मात्र तुम्ही आणि तुमच्या भावंडांनीही ते एकदा तपासून घ्यावे.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो आकडा, जो ठळक छापलेलाच नाही. अहवालातली एलडीएलची 100 ची मर्यादा सर्वसामान्य लोकांसाठी असते. झटका येऊन गेलेल्या रुग्णाचे एलडीएल युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार 55 च्या खाली असावे, आणि भारतीय लिपिड तज्ज्ञ तर 50 च्या खाली आणायला सांगतात. वडिलांचे 84 आहे. लायपोप्रोटीन-ए वाढलेले असताना, औषधाने कमी करता येणारा हा एलडीएलचा धोका कमी करणे अधिकच निकडीचे ठरते. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनचा डोस पुरेसा आहे का, त्याला एझेटिमाइब ही त्याच कामाची दुसरी गोळी जोडावी का, हे भेटीत नक्की विचारा. आपल्या मनाने गोळी वाढवू नका.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. तोपर्यंत बाबांनी चालावे का?

उत्तर 2
आधी तुमच्या डॉक्टरांना फोनवर विचारा. नवा त्रास नसेल तर केवळ या आकड्यांसाठी चालणे थांबवण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र चालताना छातीत दाटून आले, आडवे पडल्यावर धाप लागू लागली, पावलांना सूज आली किंवा दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्या.