दुबईला जातोय. चौथीतला मुलगा आणि मोठ्या गटातली मुलगी, कुठल्या शाळेत घालावं?

जुळे सोलापूरची आई

नमस्कार. मिस्टर टेरी टॉवेलच्या एक्स्पोर्टमध्ये आहेत. कंपनीनं त्यांना दुबईतल्या जबेल अली बंदराकडचं गोदाम सांभाळायला पाठवलंय. ते दिवाळीनंतर गेले, आता आम्ही तिघांनी जायचं आहे. मुलगा स्टेट बोर्डात, सेमी-इंग्लिश. धाकटी मोठ्या गटात.

मिस्टरांनी सात शाळांची माहितीपत्रकं पाठवली आहेत. एक सीबीएसई, तीन ब्रिटिश, दोन आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम), एक अमेरिकन. सगळीकडे पोहण्याचा तलाव आणि सगळीकडे हसणारी मुलं. त्यातून काय कळणार? कंपनी एकाच मुलाची फी देणार, दुसऱ्याची आमची आम्हाला भरायची आहे. काँट्रॅक्ट तीन वर्षांचं आहे, वाढेलही.

सासरे म्हणतात सीबीएसईत घाला, परत आल्यावर अडायला नको. जाऊबाई म्हणतात, एवढं लांब जाऊन तेच शिकायचं तर इथली शाळा काय वाईट आहे? मला दोघांचंही पटतं आणि रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.

मुलगा शांत आहे. गणित चांगलं आहे. इंग्रजी वाचतो, पण बोलत नाही. घरी मराठी, खालच्या मजल्यावरच्या मित्राशी तेलुगू, अगदी सुरेख बोलतो. काल गड्ड्यावर, सिद्धेश्वरच्या जत्रेला गेलो होतो, पाळण्यात बसल्यावर मला विचारतो, "आई, तिथं मला कोणाशी बोलता येईल?" मला उत्तर देता आलं नाही. फीचं आम्ही बघू. कोणी लेकरं घेऊन तिकडं राहिलं असेल तर शाळेचं खरं काय ते सांगा.

अक्कलकोट रोड

बहीण तिकडं आहे, तिच्याकडून कळलेलं सांगतो. दुबईत खासगी शाळांवर केएचडीए नावाचं सरकारी खातं देखरेख करतं. २००८ पासून ते शाळांची तपासणी करून शेरा देतं: आउटस्टँडिंग, व्हेरी गुड, गुड, ॲक्सेप्टेबल, वीक, व्हेरी वीक. अहवाल त्यांच्या साइटवर फुकट वाचता येतो. प्रत्येक शाळेची इयत्तावार फीही तिथंच असते. शाळेच्या बोर्डावरचा शेरा कुठल्या साली मिळालाय ते बघा, कारण २०२४-२५ मध्ये सरसकट तपासणी झालेली नाही. बस, गणवेश, पुस्तकं आणि बाहेरच्या परीक्षांची फी वेगळी असते. ती आधीच विचारून घ्या.

विजापूर रोड

ताई, आम्ही २०१३ ते २०२२ तिकडं होतो, आधी दुबईशेजारच्या शारजात आणि मग दुबईत. मुलगी तिथंच पहिलीत गेली आणि सातवीत सोलापूरला आली. त्यामुळे जाणं आणि परत येणं, दोन्ही जवळून बघितलंय. थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

माहितीपत्रकं बाजूला ठेवा आणि दोघांनी बसून आधी एवढंच ठरवा: मुलगा दहावीची परीक्षा कुठं देणार? बाकी सगळं त्यावरून ठरतं. तीन वर्षं राहिलात तर पाचवी, सहावी, सातवी तिथं आणि आठवीला तो इथं. मग सासऱ्यांचं बरोबर आहे, सीबीएसई घ्या. काँट्रॅक्ट वाढत गेलं आणि बारावीपर्यंत तिथंच राहणार असाल, पुढं बाहेरच्या देशात पाठवायचं मनात असेल, तर ब्रिटिश किंवा आयबी. वाईट हाल होतात ते मधेच परतणाऱ्यांचे. ब्रिटिश शाळेत आयजीसीएसईचा, म्हणजे त्यांच्या दहावीसारख्या परीक्षेचा अभ्यास इयर १० आणि ११ असा दोन वर्षांचा असतो, म्हणजे आपली नववी-दहावी. त्याच्या मधोमध मुलाला उचलून आणू नका.

आणखी एक. पुढं डॉक्टर करायचं मनात असेल तर आत्ताच लक्षात घ्या, महाराष्ट्राच्या कोट्यातून एमबीबीएसला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. आम्हाला हे तिथं असताना कोणीच सांगितलं नाही.

आमची चूक सांगतो. भाडं कमी म्हणून शारजात राहिलो आणि शेरा चांगला म्हणून शाळा दुबईतली घेतली. बस पावणेसहाला दाराशी यायची. पोरगी सहा वर्षांची. एके दिवशी बाथरूममधून बाहेर येईना म्हणून बघायला गेलो, तर एका पायात मोजा, दुसरा हातात, आणि बेसिनला डोकं टेकून उभ्या उभ्या झोपलेली. दुपारी घरी यायची तेव्हा बोलायचं त्राण नसायचं. शेवटी जास्त भाडं भरून शाळेपासून पंधरा मिनिटांवर राहायला गेलो, तेव्हा कुठं ती शाळेतल्या गोष्टी सांगायला लागली. तुमच्या मिस्टरांचं काम जबेल अलीला आहे. घर आणि शाळा दोन्ही त्याच बाजूला बघा. बस किती वाजता दाराशी येणार आणि मुलं किती वेळ बसमध्ये असणार, हे शाळेकडून लेखी घ्या. शेरा एक पायरी खालचा असला तरी मी जवळची शाळा घेईन.

आयबीबद्दल. एका शाळेनं आम्हाला छातीठोकपणे सांगितलं की आम्ही आयबी आहोत. पैसे भरल्यावर कळलं, ती नुसती उमेदवार शाळा होती, मान्यता मिळायची होती. पैसे परत मिळायला तीन महिने गेले. आयबीच्या स्वतःच्या साइटवर मान्य शाळांची यादी आहे, नाव तिथं शोधा. आणि आयबीत प्राथमिकला ठरलेलं पाठ्यपुस्तक नसतं. मुलं एखादा विषय धरून आठवडेच्या आठवडे शोधत राहतात. शिकवणारे चांगले असले तर मूल फुलतं, पण "आज कुठला धडा झाला?" असं विचारणाऱ्या आपल्यासारख्यांची पहिलं वर्ष फार घालमेल होते.

डब्याचंही सांगतो, कारण आमच्या घरात त्यावरून रडारड झाली. बऱ्याच शाळांत शेंगदाणा चालत नाही, कोणाला ॲलर्जी असते म्हणून. पहिल्याच आठवड्यात चपातीवर शेंगा चटणी पसरून दिली होती. डबा तसाच परत आला, वर चिठ्ठी. मुलीला वाटलं आपण काहीतरी घाण आणलंय. आधीच समजावून सांगा. चटणी घरी, संध्याकाळी, कडक भाकरीबरोबर.

आणि मराठी सोडू नका. २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रात कुठल्याही बोर्डाच्या शाळेत पहिली ते दहावी मराठी सक्तीचं आहे. आमची मुलगी मराठी झकास बोलायची. इथं आल्यावर बाईंनी धडा वाचायला उभं केलं, तर "ज्येष्ठ" या शब्दावर अडली. ज, य, ष, ठ असं सुटं सुटं वाचलं तिनं. त्या दिवशी जेवली नाही. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या साइटवर मोफत मिळतात. रोज रात्री वीस मिनिटं मोठ्यानं वाचून घ्या.

निवृत्त मुख्याध्यापिका, सात रस्ता

बाळ, कागदांचं मी सांगते, कारण घाई तिथंच होते. शाळा सोडल्याचा दाखला इंग्रजीत माग आणि त्यावर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घे. पुढं राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि यूएई दूतावास, यातलं कुठपर्यंतचं ॲटेस्टेशन (दाखला खरा असल्याचा शिक्का) लागतं ते तिथल्या शाळेकडून ईमेलवर मागून घे. दाखल्यावर आडनाव आधी आणि पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात, यावरून अर्ज अडतात. सगळीकडे स्पेलिंग एकच हवं. महापालिकेच्या जन्मदाखल्यात मुलाचं नाव आहे ना? पुष्कळांच्या दाखल्यात ती जागा कोरीच असते. धाकटीचाही दाखला आजच काढून बघ.

जुळे सोलापूरची आई

मॅडम, बघितला. धाकटीच्या दाखल्यात नावाची जागा कोरी आहे. सोमवारी महापालिकेत जाते.

विजापूर रोडचे दादा, मोज्याचं वाचून मिस्टरांना फोन केला. यादीतल्या चार शाळा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहेत, त्या काढल्या. उरलेल्यांत सीबीएसईची सगळ्यात जवळ आहे, पण ती एप्रिलच्या सुरुवातीला सुरू होते आणि आमची वार्षिक परीक्षा तोवर संपलेली नसते. शिवाय अरबी सक्तीची आहे म्हणतात. आणि माझ्या शांत मुलाचं काय?

विजापूर रोड

अरबी सगळ्याच बोर्डांच्या शाळांत आहे, नववीपर्यंत. अरब नसलेल्या मुलांना वेगळ्या वर्गात, अगदी अलिफपासून शिकवतात. तुमचा मुलगा मराठी-तेलुगूवाला आहे, तो तुमच्याआधी शिकेल.

एप्रिलचं म्हणाल, तर शाळेशी बोला. पहिल्या सहामाहीचा निकाल आणि मुख्याध्यापकांचं पत्र घेऊन परीक्षा झाल्यावर घेतात का, ते विचारा. ब्रिटिश शाळा ऑगस्टच्या शेवटी सुरू होतात, तिथं ही अडचण येत नाही. फक्त आकड्याला घाबरू नका. त्यांचं इयर ६ म्हणजे आपली पाचवी. वर्ग जन्मतारखेवरून देतात.

शांत मुलासाठी मिस्टरांना दोन कामं सांगा. एक, इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांना वेगळी मदत मिळते का, वर्गातून उठवून नेतात की वर्गातच देतात, आणि तिची फी वेगळी आहे का, हे विचारायला. दुसरं, ओपन डे सोडून साध्या मंगळवारी, मधल्या सुट्टीत शाळेत जायला. मैदानाच्या कडेला एकटं उभं असलेलं मूल शोधा आणि त्याच्याजवळ कोणी शिक्षक जातो का, ते दहा मिनिटं बघा. आम्ही दुसऱ्या वेळी शाळा निवडली ती तसंच बघून.

जुळे सोलापूरची आई

मिस्टर येत्या मंगळवारी अर्धी रजा घेतायत. मुलाला म्हटलं, बाबा तुझ्यासाठी शाळेत मधली सुट्टी बघायला जाणार आहेत. तर म्हणाला, तिथं तेलुगू बोलणारा कोणी आहे का, तेवढं विचारायला सांग.