मदत हवी आहे: दिवाळीची जाहिरात लक्षात राहील अशी कशी करायची? (अर्जंट)

राजवाडा_पाठीमागे:
नमस्कार इंदूरकर मंडळी. डिझायनरनी तीन डिझाइन पाठवलीत, तिन्हींत पणती, रांगोळी, शुभेच्छा आणि खाली '20 टक्के सूट'. बाबांना तिन्ही आवडली, मला एकही नाही, सकाळी पाहिली आणि संध्याकाळी कुठलं काय होतं ते मलाच आठवेना. यंदा अधिक मास आला म्हणून दिवाळी पार 8 नोव्हेंबरला गेली, म्हटलं भरपूर वेळ आहे, आणि बघता बघता दसरा पण उरकला. छापणारा उद्या दुपारपर्यंत फायनल मागतोय. लोकांच्या डोक्यात बसेल अशी जाहिरात कशी करतात? लवकर सांगा, आणि 'आधी ब्रँड समजून घ्या' असलं काही नको प्लीज.

लोकमान्यनगरकर:
दुकान कशाचं आहे?

मावशी_सुदामानगर:
छापताय काय, पॅम्पलेट की फ्लेक्स? फ्लेक्स असेल तर खांबाला आणि लोकांच्या भिंतींना लावायच्या भानगडीत पडू नका, भिंती-खांब विद्रूप करण्याविरुद्धचा संपत्ती विरूपणाचा कायदा आपल्याकडे मध्य प्रदेशात 1994 पासून आहे. नगर निगमवाले काढून नेतील ते नेतील, वर दंड.

राजवाडा_पाठीमागे:
पॅम्पलेट, 5000. पेपरात घालणार. बजेट तेवढंच समजा.

रीलवाली_विजयनगर:
पॅम्पलेट कोण वाचतं आता?? दिवाळीच्या आठवड्यात पेपर उचलला की दहा कागद खाली पडतात आणि थेट रद्दीत जातात. त्याच पैशात दहा रील बनवा, पहिल्या तीन सेकंदांत चेहरा दिसला पाहिजे, दुकानाच्या पाच किलोमीटरच्या घेऱ्यात चालवा. मी माझ्या मेहंदीच्या कामाचं असंच करते.

निवृत्त_पण_चालू:
ताई, त्या ऑनलाइन जाहिरातींचा लिलाव असतो, दिवाळीत सगळेच बोली लावतात म्हणून भाव चढतो. तुमची मेहंदी बाराही महिने चालते, याचे चार दिवस आहेत. मी म्हणेन रेडिओ. खासगी एफएममधली मिर्ची पहिल्यांदा 2001 साली आपल्या इंदूरलाच सुरू झाली, तेव्हा एकेका दुकानाची जिंगल पोरं शाळेत म्हणायची. आणि त्याआधीचं आकाशवाणी इंदूर तर 1955 चं, तिथे तर...

रीलवाली_विजयनगर:
काका 5000 पॅम्पलेटच्या पैशात रेडिओवर किती वेळा वाजणार? दोनदा?

कचरागाडीफॅन:
हसू नका पण इंदूरमधली सगळ्यात यशस्वी जाहिरात म्हणजे कचरागाडीचं गाणं. माझी तीन वर्षांची भाची नीट बोलत नाही पण ते गाते. का? रोज तीच वेळ, तीच चाल, आणि गाडी चुकली तर कचरा घरात राहतो म्हणून कान आपोआप तिकडे. मोती साबणाचं पण तेच, वर्षानुवर्षं दिवाळी म्हटली की अभ्यंगस्नान आणि तोच साबण. तू दर वर्षी नवीन डिझाइन करतोस ना? तिथेच गडबड आहे भिया. एकच गोष्ट धर आणि दहा वर्षं सोडू नकोस.

लोकमान्यनगरकर:
सगळं ठीक, पण दुकान कशाचं??

राजवाडा_पाठीमागे:
अरे सांगितलं नाही का. बर्तन बाजार. भांडी, स्टील आणि पितळ. आजोबांपासूनचं दुकान आहे. धनतेरसला पाय ठेवायला जागा नसते पण आजूबाजूच्या सगळ्याच दुकानांत नसते, म्हणून तर विचारतोय.

शुद्धाक्षर:
'धनतेरस' नव्हे, धनत्रयोदशी. निदान मराठी माणसाने तरी. जाहिरातही मराठीतच असावी.

मावशी_सुदामानगर:
अहो त्याचं गिऱ्हाईक काय फक्त तिलकनगर आणि लोकमान्यनगरातलं आहे का? मालवी, सिंधी, गुजराती सगळे येतात. हिंदीतच छाप बाळा.

शुद्धाक्षर:
याच वृत्तीमुळे आपल्या मुलांना मराठी वाचता येत नाही.

(इथे माझ्यासकट चौघांनी भाषेवर बरंच लिहिलं होतं, उडवलंय. विषयाला धरून बोला. – संपादक)

पुण्याहून_पाहुणा:
मी भाऊबीजेला इंदूरला येतोय. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत तोवर गराडू (तळलेला कंद) सुरू झालेले असतात का?

लोकमान्यनगरकर:
भांडी म्हटल्यावर एक विचारतो. तुम्ही नाव घालून देता का?

राजवाडा_पाठीमागे:
हो, देतो की. अण्णा बसतात मशीन घेऊन, तीस वर्षं झाली. फुकट. ते काय लिहायचं, सगळेच देतात.

मावशी_सुदामानगर:
अरे देवा!! हेच तर सगळ्यात आधी सांगायचं ना. आमच्याकडे माझ्या आजीचा पितळी डबा आहे, त्यावर टिंबाटिंबांनी तिचं नाव आणि 'दिवाळी 1961' कोरलंय, तेव्हा छिन्नी-हातोडीने घालायचे. डबा चेपलाय, कल्हई कधीचीच गेली, पण कुठल्या दुकानातून आणला ते आई अजून सांगते. तुझं पॅम्पलेट साठ वर्षं टिकेल का?

कचरागाडीफॅन:
बस, मिळालं. 2021 च्या दिवाळीत कॅडबरीने हेच केलं होतं, शाहरुखच्या तोंडून गल्लीतल्या दुकानांची नावं, पिनकोड बदलला की नाव बदलायचं. त्यांना कॉम्प्युटर लागला, तुझ्याकडे अण्णा आहेत. पॅम्पलेटवर फक्त जुन्या डब्यावरच्या नावाचा मोठा फोटो टाक, एक ओळ, पत्ता. 20 टक्के सूट बारीक अक्षरात कोपऱ्यात, किंवा नकोच.

निवृत्त_पण_चालू:
पण गर्दीत अण्णा एकटे किती नावं घालणार? धनतेरसला, 6 तारखेला, रांग लागली की लोक चिडतात. ज्याला नाव हवं त्याला कुपन द्या, पाडव्यानंतर भांडं घेऊन या म्हणावं. तो दुसऱ्यांदा दुकानात येतो, आणि आला की निदान चमचे तरी घेतो. हे मी स्वतः घड्याळाच्या दुकानात नोकरीला असताना केलेलं आहे.

रीलवाली_विजयनगर:
अण्णांच्या हातांची रील मी फुकट काढून देते. मशीनचा तो किरकिर आवाज तसाच ठेवायचा, गाणं नको.

शुद्धाक्षर:
नावे मराठीत कोरून मिळतील का?

राजवाडा_पाठीमागे:
मिळतात काका, अण्णा मोडी लिपी सोडून सगळ्यात घालतात. मावशी, डब्याचा फोटो पाठवाल का, उद्या सकाळी दहाच्या आत? बाबांना वाचून दाखवलं, म्हणाले बरोबर आहे, तुझ्या आज्जीच्या तांब्यावर पण आहे नाव, आपल्याच दुकानातला. म्हणजे घरातच होतं. फक्त म्हणतात कोपऱ्यात एक पणती तरी राहू दे.

कचरागाडीफॅन:
राहू दे पणती. बापाशी भांडू नको दिवाळीत.

मावशी_सुदामानगर:
पाठवते. चिंचेने घासू का आधी?

राजवाडा_पाठीमागे:
नको नको, आहे तसाच.

पुण्याहून_पाहुणा:
गराडूंचं कोणी सांगेल का?