‘पाऊण वाजता’ की ‘पावणेएक वाजता’?

अनुस्वार:
एका हिंदी कथेचा अनुवाद करते आहे. नायिकेची गाडी ‘पौने एक बजे’ सुटते. मी ‘पाऊण वाजता’ लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून ‘पावणेएक’ केलं आणि बाजूला शेरा लिहिला, ‘पाऊण म्हणजे पाऊण तास, ती वेळ नव्हे.’ आमच्या घरी लहानपणापासून ‘पाऊण वाजला, पानं घ्या’ असंच ऐकलंय. हा वापर फक्त पुण्याचा आहे का?

मिरजकर:
मुळीच नाही. मिरज-सांगलीकडेही पाऊणच वाजतो. शब्द फोडून बघा. पाद अधिक ऊन, म्हणजे पावाने कमी. पावणेतीन म्हणजे तिनाला पाव कमी. पुढे आकडा नसेल तर एक गृहीत धरायचा. सव्वाचंही तसंच, मूळ ‘सपाद’. नुसतं सव्वा म्हटलं की एक आणि पाव. देवापुढे आपण सव्वा रुपया ठेवतो, सव्वाएक रुपया नाही. बाईंची दुरुस्ती अनावश्यक आहे.

वऱ्हाडी:
अनावश्यक कशी? अमरावतीत आमच्या घरी सर्रास ‘पावणेएक’ आणि ‘सव्वाएक’ म्हणतात. तुमचाच नियम लावा: पावणेएक म्हणजे एकाला पाव कमी. यात चुकलं काय? विदर्भातला शब्द दिसला की ‘हिंदीचा परिणाम’ म्हणून बाजूला सारायचं, हे आता थांबवा.

मिरजकर:
हिंदीचं नावही मी घेतलं नाही. पण ‘पाऊण’ हा सुटसुटीत शब्द हाताशी असताना त्याला एक कशाला जोडायचा?

मुक्तछंद:
मला वेगळंच कोडं पडतं. सव्वाबारा, साडेबारा इथपर्यंत बारा हा आधार. मग एकदम ‘पाऊण’! साडेबाराला ‘अर्धा वाजला’ असं कोणी म्हणत नाही. मग पाऊणच तेवढा एकटा का चालतो?

मिरजकर:
कारण ‘पावणे’ नेहमी पुढच्या आकड्याकडे बघतो आणि ‘सव्वा’, ‘साडे’ मागच्याकडे. साडेबाराचा आधार बारा, पाऊणचा आधार एक.

इझारकाठ:
म्युनिकहून लिहितोय. इथे दक्षिण जर्मनीत १२:४५ ला ‘ड्रायफिअर्टेल आइन्स’ म्हणतात, शब्दशः ‘पाऊण एक’. म्हणजे वऱ्हाडी यांचा पावणेएक इथे रोज वाजतो. शिवाय अडीचला ‘हाल्प ड्राय’, म्हणजे ‘अर्धा तिसरा’. आपल्या अडीचची घडण हीच आहे: अर्धतृतीय, प्राकृतात अड्ढाइज्ज, मराठीत अडीच. दोन पुरे आणि तिसरा अर्धा. दीडही तसाच, त्यात दुसरा अर्धा आहे.
यावरून एक व्याकरणाचा प्रश्न. दीड वाजला, सव्वा तास झाला, हे एकवचन. पण पावणेदोन वाजले, पावणेदोन तास झाले. दोन पुरे नसतानाही अनेकवचन! दिडाच्या पोटातही ‘दोन’ आहे, तरी तो एकवचनी. मला वाटतं, आज ऐकू येणारा ‘दोन’ क्रियापदाला ओढतो, झिजून गेलेला ओढत नाही.

अनुस्वार:
हे फार सुंदर आहे. पण गाडी पाऊणला सोडू की पावणेएकला?

शिलाईकाम:
मी ब्लाउज शिवते. माझ्या वहीत मापं अशीच असतात: उंची सव्वाचौदा, बाही पावणेसात, मुंढा साडेसात. बायकांना ‘अस्तर पाऊण मीटर आणा’ सांगितलं की मोठ्या बायका बरोबर आणतात. कॉलेजच्या मुली दुकानातून फोन करतात, ‘काकू, पाऊण म्हणजे साठ की सत्तर?’ आता मी टेप उलटून सेंटीमीटरच्या बाजूला ७५ वर बोट ठेवून दाखवते आणि मगच पाठवते. शब्द टिकवायचा असेल तर असा दाखवावा लागतो.

मुक्तछंद:
माझा भाचा ‘साडेएक’, ‘साडेदोन’ म्हणतो. घरातले त्याला सारखे टोकतात. मला त्याचं बरोबर वाटतं. साडेतीन, साडेचार चालतात तर साडेदोननेच काय केलं? भाषा सोपी होत असेल तर होऊ द्या.

मिरजकर:
उद्या ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ म्हणा! २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ते आलंच होतं.

मुक्तछंद:
त्या पुस्तकात दोन्ही रूपं शेजारी शेजारी दिली होती, ‘एकवीस’ काढला नव्हता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी कारणही सांगितलं होतं: मुलं जोडाक्षरांना अडखळतात आणि बोलताना आधी एकक, लिहिताना आधी दशक, यात गोंधळतात. पहिलीतल्या मुलाला ‘त्र्याहत्तर’ म्हणायला लावून बघा.

पाटीपेन्सिल:
मी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी सगळं म्हटलंय. ती घोकंपट्टी उगाच नव्हती. रुपयाचे १६ आणे, शेराचे चार पावशेर. बाजारात उभं राहून तोंडी हिशेब करायचा तर पाव आणि पाऊण जिभेवर हवेत. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि या पाढ्यांची गरज ओसरू लागली. पावली, म्हणजे चार आणे, तरी पंचवीस पैशांच्या रूपात टिकून होती. तीही ३० जून २०११ ला चलनातून गेली. भाच्याला टोकणाऱ्यांनी त्याला निदान अडीचकी शिकवावी. अडीच, पाच, साडेसात, दहा. एकदा ताल बसला की ‘साडेदोन’ आपोआप जाईल.

शिलाईकाम:
औटकी कितीची?

पाटीपेन्सिल:
साडेतिनाची. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा. औट म्हणजे अर्धचतुर्थ, चौथा अर्धा. संतवाङ्मयात ‘औट हात’ देह म्हणतात तो हाच. ज्याच्या त्याच्या हाताने मोजला तर माणूस साडेतीन हात भरतो.

मुक्तछंद:
म्हणजे ‘साडेतीन’नेच ‘औट’ला घालवलं! तेव्हा कोणी शुद्धतेची तक्रार केली असेल का? उद्या ‘साडेदोन’ने ‘अडीच’ला घालवलं तर ती तीच वाट नव्हे का?

मिरजकर:
औट वापरातून गेला, अडीच रोज वापरात आहे. जिवंत शब्दाला आपण होऊन बाहेर काढायचं, हे मला मान्य नाही.

वऱ्हाडी:
साडेतीन निघालंच आहे तर सांगा, आपल्याकडे सगळं साडेतीनच का? मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, शहाणे साडेतीन. ओंकाराच्या साडेतीन मात्रांवरून हे आलं असावं असं मला वाटतं.

इझारकाठ:
शहाण्यांचा संबंध ओंकाराशी कसा लावणार? सखारामबापू, देवाजीपंत, विठ्ठल सुंदर हे पुरे, आणि नाना फडणीस अर्धे. नानांना अर्धं म्हणण्याचं कारण मी ऐकलंय ते असं, की ते शहाणे होते पण लढवय्ये नव्हते.

पाटीपेन्सिल:
पीठांमध्ये कोल्हापूर, तुळजापूर, माहूर पूर्ण आणि वणीची सप्तशृंगी अर्धं. पण आमच्या नाशिककडे वणीला अर्धं म्हटलेलं खपत नाही. त्यांच्या मते साडेतीन मात्रांतली अर्धमात्रा सगळ्यांत वरची, म्हणून वणीचा मान मोठा.

वऱ्हाडी:
बघा, आला ना ओंकार! आणि माहूरला कमी लेखू नका, आमचं कुलदैवत आहे ते.

अनुस्वार:
गाडीचं सांगा कोणीतरी. प्रत आज पाठवायची आहे.

मिरजकर:
पाऊण.

वऱ्हाडी:
कथा कुठे घडते? नागपूरकडची असेल तर पावणेएकच ठेवा.