घरी बनवलेल्या गाडीचं दार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) बरोबर बसतंय, चाकावर उतरवली की अडकतंय (सांगली)

कुपवाडकर

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम करतो आणि गेली अडीच वर्षं सुट्टीच्या दिवशी घरामागच्या शेडमध्ये दोन सीटची उघडी गाडी बनवतोय. इंजिन, गिअरबॉक्स, पुढचं सस्पेन्शन सगळं जुन्या मारुती 800 चं, ते 796 सीसीचं तीन सिलेंडरवालं. चेसी 40 बाय 40 च्या एमएस (माइल्ड स्टील) स्क्वेअर पाईपची, 2 मिमी जाडीची, वेल्डिंग सगळं माझंच. बॉडी फायबरची, बाजूनं फुगीर, साचा दुसऱ्याचा होता त्यात काढून आणली आणि दारं आम्ही इथं कापली.

आता अडचण अशी की गाडी घोड्यांवर असताना दोन्ही दारं लावली, सगळीकडं 5 मिमीची फट अगदी एकसारखी आली, मी प्लायच्या पट्ट्या घालून बघितली होती. मग परवा गाडी चाकावर उतरवली तर ड्रायव्हर बाजूच्या दाराची मागची वरची फट 2 मिमी राहिली, खाली मात्र 5 च आहे, आणि दाराची मागची कड 3 मिमी खाली गेलीय, लॉक स्ट्रायकरला (चौकटीवरची लॉक अडकायची कडी) खालून घासतंय. मी आणि धाकटा भाऊ आत बसलो तर दार उघडंनाच, उचलून काढावं लागलं. डावीकडं पण तसंच आहे पण कमी.

एकदा ग्राइंडरनं दाराची कड थोडी घासली, तर आता परत घोड्यांवर घेतली की तिथं फट मोठी दिसतीय. पुढचे मडगार्ड आणि बोनेट अजून बसवायचे आहेत, पेंटरला दसऱ्याच्या आधीची वेळ दिलीय. बिजागरी वर सरकवू का अजून घासू का चेसीतच गडबड आहे, काही कळंना झालंय. ज्यांनी असलं काम केलंय त्यांनी सांगा.

पत्राकाम_सातारा

भावा पहिल्यांदा ग्राइंडर खाली ठेव. फायबर घासलेलं परत येत नाही, मग लांबी (पुटी) भरत बसशील आणि दाराच्या कडेची लांबी कधीच टिकत नाही, दार आपटलं की टवका उडतो. मी साताऱ्यात 28 वर्षं डेंटिंग करतोय, ॲक्सिडेंटच्या गाड्यांना हेच दुखणं असतं, माणूस दाराशी भांडत बसतो आणि चूक चौकटीत असते.

तू घोडे कुठं ठेवलेले ते लिहिलं नाहीस. मला वाटतंय उंबऱ्याच्या, म्हणजे दाराखालच्या लांब पाईपच्या, मधोमध ठेवले असणार. तसं असेल तर पुढनं इंजिनचं वजन लोंबतंय, मागनं टाकी आणि ॲक्सल लोंबतोय, म्हणजे चेसी मधनं उचलली गेलीय आणि दोन्ही टोकं खाली, दाराची चौकट वरनं फाकलीय. तू दार त्या फाकलेल्या चौकटीला बसवलंस. चाकावर उतरवली की उलटं होतं, टोकं धरली जातात आणि मधला भाग खाली जातो, चौकट वरनं मिटते. उघड्या गाडीला छत नसतं त्यामुळं ते वाकणं अडवायला फक्त उंबरा आणि मधला बोगदाच (दोन सीटमधला चेसीचा उंचवटा) असतो.

आता काय कर, टेप घे आणि दाराच्या चौकटीची चार मापं घे, वरची रुंदी, खालची रुंदी आणि दोन्ही कर्ण. एकदा घोड्यांवर, एकदा चाकावर, एकदा चाकावर माणसांच्या वजनासकट. खालची रुंदी तीच राहिली आणि वरची कमी झाली तर उंबरा वाकतोय. एक कर्ण वाढला आणि दुसरा कमी झाला तर चौकट तिरकी होतीय, मग कुठलातरी जॉइंट सैल आहे किंवा चेसीला पीळ पडतोय. आणि चारही मापं जशीच्या तशी राहिली तर मग बिजागरीकडं बघ, दार अर्धं उघडून मागच्या कडेला धरून वर उचल, कटकट वाजलं तर पिन नाहीतर बुश गेलेलं.

जमीन सपाट आहे का ते पण बघ. शेडचा कोबा डोळ्याला सपाट दिसतो पण नसतो. गवंड्याकडची पाण्याची लेव्हलची नळी आण, चारही चाकांखाली लेव्हल बघ आणि जिथं कमी असेल तिथं पत्रा घाल.

मिरज_फायबर

वरच्या दादांनी चौकटीचं बरोबर सांगितलंय, मी फायबरचं बोलतो, मिरजेत आमचं टाक्या आणि बॉडी पार्टचं काम आहे.

दारं बॉडी चेसीला पक्की करायच्या आधी कापली का नंतर? आधी कापली असतील तर निम्मी अडचण तिथं आहे, कारण पॉलिस्टर रेझिन सुकताना आकसतं, आणि अख्खं खोकं असतंय तोपर्यंत ते एकमेकाला धरून ठेवतं. दार कापलं की कडा मोकळ्या होतात आणि जिकडं ताण असेल तिकडं वळतात. म्हणून आम्ही बॉडी चेसीवर बसवून, सगळीकडनं चिकटवून, आठवडाभर ठेवून मगच दार कापतो. तुझं झालंय ते झालंय, आता दाराची आतली फ्रेम आणि बाहेरचं फायबर एकत्र चिकटवलं नसशील तर ते टेबलावर करू नको. दार गाडीवर त्याच्या जागी ठेव, फटीत पट्ट्या घाल, बाहेरनं मास्किंग टेपनं चारी बाजूंनी ओढून धर आणि तसंच आतनं फ्रेमला मॅट (काचेच्या धाग्यांची) आणि रेझिननं बांध. टेबलावर बांधलेलं दार टेबलासारखं होतं, तुझ्या गाडीची बाजू फुगीर आहे, तो बाक दारात यायला पाहिजे.

बिजागरीचा बोल्ट नुसत्या फायबरवर घट्ट करू नको. सुरुवातीला घट्ट वाटतो, पण फायबर दाबाखाली हळूहळू बसतं आणि दोन महिन्यात बोल्ट ढिला होतो. आतनं 3 मिमीची एमएसची प्लेट घाल, शक्यतो तीच प्लेट चेसीच्या पाईपला वेल्ड केलेली असू दे म्हणजे वजन फायबरवर येणारच नाही.

पावसात काम करत असशील तर मॅट कोरडी आहे का बघ, दमट मॅटवर रेझिन नीट धरत नाही. आणि एक गोष्ट सगळ्यांनाच सांगतो, हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन घट्ट करायची रसायनं) हे दोन कधीही थेट एकमेकांत ओतायचे नाहीत, स्फोट होतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट पूर्ण ढवळायचं, मग शेवटी हार्डनर. डब्या पण वेगवेगळ्या कपाटात ठेवा. डोळ्याला चष्मा लावल्याशिवाय हार्डनरची बाटली उघडू नका, डोळा कायमचा जाऊ शकतो.

कुपवाडकर

काका, तुमचा अंदाज बरोबर निघाला, घोडे उंबऱ्याच्या मधोमधच होते. मापं घेतली. उजवी बाजू, वरची रुंदी घोड्यांवर 962 मिमी, चाकावर 959. मग घरात हळदीची पोती होती 50 किलोची, एकेका सीटवर एक पोतं आणि वर 20 किलोचा गव्हाचा डबा ठेवला तर 957. खालची रुंदी तिन्ही वेळेला 960. दोन्ही कर्ण सारखेच कमी झाले. डावीकडं वरची 962, 960 आणि 959. म्हणजे उंबरा वाकतोय हे नक्की.

उजवीकडं जास्त का ते पण सापडलं, बॅटरीचा ट्रे बसवताना मी तिकडचा एक आडवा पाईप कापला होता आणि परत जोडायचा राहिला. अडीच वर्षात ते डोक्यातनं गेलंच होतं.

मिरजकर दादा, दारं आधीच कापली होती हो, पण फ्रेम अजून बांधलेली नाही, तेवढं वाचलं.

आता उंबरा मजबूत कसा करायचा? त्याच पाईपला खाली अजून एक 40 चा पाईप चिकटवून वेल्ड केला तर चालंल का?

कराड_एमएच50

खाली चिकटवून नको, अंतर ठेवून लाव. मी शेतीच्या ट्रॉल्या बनवतो, तिथं पण हाच हिशोब आहे. वाकण्याला विरोध उंचीनं मिळतो, जाडीनं तितका मिळत नाही. सलग लोखंडी पट्टी घेतली आणि उंची दुप्पट केली तर ती आठपट कडक होते, जाडी दुप्पट केली तर फक्त दुप्पट. म्हणून आता आहे त्या पाईपच्या वर 120-130 मिमी अंतरावर दुसरा पाईप टाक, मध्ये तिरके तुकडे घालून त्रिकोण कर, आणि आतल्या बाजूनं 1.2 मिमीचा पत्रा मारून बंद खोका कर. उंबरा उंच होईल, आत बसताना पाय जास्त उचलावा लागंल, पण उघड्या गाडीला तो उंच असायलाच पाहिजे.

दुसरं म्हणजे डॅशबोर्डच्या मागनं दोन्ही बिजागरीच्या खांबांना जोडणारा एक आडवा पाईप पाहिजे, आणि त्या खांबापासनं मधल्या बोगद्याला तिरकी पट्टी. नुसता उंबरा कडक केला आणि खांब मोकळा उभा राहिला तर दाराच्या वजनानं खांबच मागं झुकतो.

वेल्डिंग करताना गाडी चाकावर असू दे, हळदीची पोती आहेत तशीच असू दे, आणि दाराच्या चौकटीत वरच्या बाजूला एक तात्पुरता पाईप 962 ला ताणून टॅक (छोटा तात्पुरता टाका) मारून ठेव. एका दमात लांब टाका मारू नको, वेल्ड गार होताना ओढतो. एक इंच इकडं, मग दुसऱ्या बाजूला जाऊन एक इंच तिकडं, थंड होऊ दे. इंधनाची टाकी आणि फायबर जवळ आहे, टाकी काढून बाहेर नेऊन ठेव, फायबरवर ओलं गोणपाट टाक आणि बॅटरीची वायर काढ.

आतला पत्रा ॲल्युमिनियमचा लावणार असशील तर एमएस आणि ॲल्युमिनियमच्या मध्ये प्रायमर आणि सीलंट दोन्ही लाव. आपल्याकडच्या पावसात दोन धातू थेट चिकटलेले राहिले की ॲल्युमिनियम पांढरं होऊन रिवेटच्या भोवती खाऊन जातं.

पत्राकाम_सातारा

बिजागरीचं राहिलं. दोन बिजागऱ्यांत अंतर किती ठेवलंयस? आणि दाराचं वजन?

कुपवाडकर

अंतर 20 सेंमी, दार फ्रेमसकट 14 किलो भरलं. लांबी 95 सेंमी.

पत्राकाम_सातारा

मग कमी आहे. हिशोब बघ, दाराचं वजन मधोमध धरलं तर बिजागरीपासनं 47 सेंमीवर, म्हणजे 14 गुणिले 47 भागिले 20, वरच्या बिजागरीला जवळजवळ 33 किलोची ओढ नुसती दाराची. कोणी उतरताना दारावर हात टेकवून 40 किलो भार दिला तर 40 गुणिले 95 भागिले 20, 190 किलो अजून. तेच अंतर 32 केलं तर 33 चे 21 होतात आणि 190 चे 119. काही खर्च नाही त्यात, फक्त जागा बदलायची. जेवढं लांब बसतंय तेवढं लांब बसव.

दोन्ही पिना एका रेषेत पाहिजेत. वेल्ड करायच्या आधी दोन्ही बिजागऱ्यांच्या पिना काढून त्यातनं एकच सरळ ब्राइट बार (गुळगुळीत लोखंडी गज) घाल, मग टॅक मार, बार हातानं गरागरा फिरला पाहिजे. अडखळला तर दार उघडताना स्वतःच पिळतं आणि वर्षभरात बुश खातं. आणि तुझ्या गाडीची बाजू फुगीर आहे म्हणतोयस तर पिनची रेषा शक्य तेवढी बाहेरच्या कातडीजवळ घे, आत गेली तर उघडताना दाराची पुढची कड मडगार्डात घुसते. पुठ्ठ्याचं दार कापून खिळ्यावर फिरवून बघ, दहा मिनिटांत कळतं.

क्रम पण लक्षात ठेव. मागचा भाग पक्का आहे ना, मग दार मागच्या भागाला जुळवायचं, मडगार्ड दाराला जुळवायचं, बोनेट मडगार्डाला. बोनेटपासनं सुरू केलं की शेवटची सगळी चूक दारावर येते आणि माणसाचा हात रोज दारालाच लागतो.

कुपवाडकर

तीन आठवड्यांनी लिहितोय. कापलेला आडवा पाईप परत जोडला, उंबरा कराडच्या दादांनी सांगितला तसा केला, डॅशबोर्डचा पाईप घातला, बिजागऱ्या 32 वर नेल्या. आता पोती ठेवून उजवीकडं वरची रुंदी 962 ची 961 होते, बस. दार दोन बोटांनी लागतंय आणि आत दोघं बसलेले असताना उघडतंय पण. घरी सगळ्यांना बोलवून दहा-दहा वेळा उघडायला लावलं.

घासलेली कड मिरजकर दादांना विचारून मॅटचे दोन थर देऊन परत आणली, टेप लावून.

राहिलेले दोन प्रश्न. रबरी बीडिंग आधी लावायचं का पेंटनंतर? आणि ही रोडवर आणायचं कोणाला माहितीय का, एमएच 10 पासिंग मिळंल का?

पत्राकाम_सातारा

बीडिंग आत्ता एकदा लावून बघ, पेंटनंतर कायमचं लाव. नवीन रबर दाराला बाहेर ढकलतं, दोन-तीन मिमी सहज. रबराशिवाय दार मागच्या भागाशी सपाट जुळवलंस आणि नंतर बीडिंग लावलं तर दार बाहेर उभं राहील आणि तू स्ट्रायकर आत ठोकत बसशील. आत्ता रबर लावून स्ट्रायकर जुळव, मार्करनं खूण कर, मग काढ. पेंट, प्रायमर मिळून प्रत्येक कडेला अर्धा मिलिमीटर तरी धर, म्हणजे 5 ची फट 4 होईल, तेवढी राहू दे. काळा रंग देऊ नको, एप्रिलच्या उन्हात काळं फायबर लई तापतं आणि बोनेटला लाटा दिसतात.

कराड_एमएच50

पासिंगचं स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 39 प्रमाणं नोंदणीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवता येत नाही, आणि नवीन गाडीची नोंदणी व्हायला केंद्रीय मोटार वाहन नियम 126 खाली प्रोटोटाइपची (नमुना गाडीची) चाचणी लागते, पुण्याच्या एआरएआय सारख्या संस्थेत. ते कंपन्यांच्या हिशोबाचं काम आहे, एका माणसाच्या एका गाडीला परवडत नाही. जुन्या 800 चं आरसी बुक वापरून चालवतो असं कोणी सांगितलं तर ऐकू नको, कलम 52 प्रमाणं कंपनीच्या मूळ तपशिलात बदल केलेली गाडी चालत नाही आणि अपघात झाला तर इन्शुरन्स हात वर करतो.

तुझ्याच सांगली जिल्ह्यातलं उदाहरण आहे ना, देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार. भंगारातनं साधारण 60 हजारात गाडी केली, किक मारून सुरू होणारी. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रांनी व्हिडिओ बघितला, ही गाडी नियमात बसत नाही म्हणून आज ना उद्या थांबवतील असं स्वतःच म्हणाले, आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली, जानेवारी 2022 मध्ये ती दिली पण. लोहारांच्या हाताला मान मिळाला ही मोठी गोष्ट आहे आणि नियम काय आहे ते पण त्यातच कळतं.

तू स्वतःच्या रानात, मित्राच्या फार्मवर, बंद ट्रॅकवर परवानगी घेऊन चालव. तिकडं नेताना ट्रेलरवरच न्यायची.

कुपवाडकर

माहीत होतं थोडं, पण कलमांसकट आज कळलं. रानातच चालवणार आहे, आमच्या मळ्यात बांधाकडेनं अर्धा किलोमीटर कच्चा रस्ता आहे आमचाच. उद्या बीडिंग लावून स्ट्रायकरची खूण करतो आणि उजव्या मडगार्डाला हात घालतो, मडगार्डाची फट दाराला 5 धरतोय.

मिरज_फायबर

मडगार्डाची भोकं बोल्टपेक्षा 2 मिमी मोठी कर आणि मोठा वॉशर घाल. फायबर उन्हात वाढतं, लोखंड त्याच्या निम्म्यानंच वाढतं, भोक घट्ट असलं की फायबर तिथनंच चिरतं.